हिराच्या टोकावरची व्हॅनिला : आमची वाटचाल

दोडामार्ग तालुक्यातील आमच्या माड-पोफळीच्या बागायतीत व्हॅनिलाचा पहिला वेल 2003 साली लागला आणि तो अभ्यासातून नव्हे, तर दराच्या मोहातून लागला, हे आधीच सांगितलेले बरे. 2000 सालच्या हुदा चक्रीवादळाने व्हॅनिलाचे आगर असलेल्या मादागास्करमधील बागा झोडपल्यानंतर तयार शेंगांचा जागतिक दर चढत चढत किलोला पाचशे डॉलरच्या घरात गेला होता आणि केरळ-कर्नाटकापासून आमच्यापर्यंत वेलांचे तुकडे हातोहात खपत होते. तुकडे देणाऱ्या मध्यस्थाने सगळा माल आपणच उचलू, असे कागदावर लिहून दिले होते. आमचे चारशे वेल फुलावर यायला जवळपास तीन वर्षे लागली. तोवर दर पन्नास डॉलरच्या खाली आला होता आणि मध्यस्थाचा फोन लागत नव्हता.

पहिल्या शेंगा काढल्या तेव्हा आईने एक शेंग मोडून नाकाशी नेली आणि म्हणाली, "हेका वासच नाय, मगे हेका इकत कोण घेतलो?" प्रश्न रास्त होता. हिरव्या व्हॅनिलाला वास नसतो. तो शेंग मुरवल्यानंतरच येतो. हिरवा माल मातीमोल भावाने विकण्यापेक्षा तो स्वतः मुरवून विकायचा, हा निर्णय आम्ही त्या वर्षी नाइलाजाने घेतला आणि आमचा व्यवसाय खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाला.

व्हॅनिला हे ऑर्किड आहे, ही गोष्ट आम्हांला वाचून माहीत होती, पण ती समजायला दोन पावसाळे जावे लागले. तिची मुळे जमिनीत खोल जात नाहीत, पालापाचोळ्याच्या थरातच पसरतात. म्हणून बुंध्याशी कुदळ चालवायची नसते आणि पाणी साचू द्यायचे नसते. आम्ही मात्र पोफळीला घालतो तसे ओले शेणखत वेलाच्या बुंध्याशी रचले आणि त्या पावसाळ्यात मूळकुजीने शंभराहून अधिक वेल गेले. आता कुजलेला पाला तेवढा पसरतो आणि चर आधी मोकळे करतो. आधाराला गिरिपुष्प आहे. त्याच्या फांद्या छाटून सावली निम्म्यावर ठेवतो. वेल उंच जाऊ न देता माणसाच्या हाताला येईल अशा फांदीवरून खाली वळवतो, कारण फुलांचे तुरे बहुधा या वळवलेल्या, लोंबत्या भागावरच येतात. छाटताना पूर्ण बाह्यांचा सदरा घालणे बरे, कारण वेलाचा चीक अंगाला लागला की खाज सुटते.

फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. परागकण आणि ते जिथे पडावे लागतात ती कुक्षी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, त्यामुळे फूल आपणहून फळत नाही, आणि मूळच्या मेक्सिकोतील मधमाश्या आपल्याकडे नाहीत. 1841 साली रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने जी युक्ती काढली, तीच आम्ही आजही वापरतो, फक्त काडीच्या जागी माडाच्या पात्याचा तासलेला हीर असतो. डाव्या हातात फूल धरायचे, हिराच्या टोकाने पडदा वर उचलायचा आणि अंगठ्याने परागपुंज हलकेच दाबायचा. हात बसलेली बाई एका सकाळी हजारभर फुले करते. सुरुवातीला आम्ही हावरेपणाने तुऱ्यातले प्रत्येक फूल फळवले. शेंगा काडीसारख्या बारीक राहिल्या आणि वेल पुढच्या वर्षी फुललेच नाहीत. आता तुऱ्यामागे आठ-दहा फुलांवर थांबतो.

नऊ महिन्यांनी शेंगेचे टोक पिवळे पडू लागले की ती काढायची, तीही एकेक करून. 65 अंशांच्या आसपासच्या पाण्यात तीन मिनिटे बुडवून लगेच घोंगडीत गुंडाळायची आणि लाकडी पेटीत रात्रभर घाम आणायचा. सकाळी पेटी उघडली की हिरव्या शेंगा चॉकलेटी झालेल्या असतात. अजूनही ती पेटी मी स्वतःच उघडतो. मग रोज थोडे ऊन, पुन्हा घोंगडी, नंतर सावलीत वाळवण आणि शेवटी कागदात गुंडाळून तीन महिने मुरवण. सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो होते. एक बुरशी आलेली शेंग आख्ख्या पेटीचा वास बिघडवते, म्हणून दर आठवड्याला प्रत्येक शेंग हाताखालून जाते.

गिऱ्हाईक मिळवणे याहून कठीण गेले. पणजी आणि पुण्याच्या बेकरीवाल्यांना बाटलीतल्या कृत्रिम अर्काचीच सवय होती. आम्ही त्यांना शेंग चिरून दुधात उकळून दाखवली आणि त्यांतले मोजके टिकले. 2017 साली मादागास्करवर आलेल्या एनावो चक्रीवादळानंतर दर पुन्हा आभाळाला भिडला तेव्हा त्यांनीच जास्त माल मागितला, शेजारचेही लागवडीचे विचारू लागले. आम्ही वेल वाढवले नाहीत. आमच्याकडे सराईत हात चारच बायकांचे आहेत आणि फूल दुपारी मिटते.

त्यांतल्या दोघींना आता जवळचे दिसत नाही. या हंगामात एकीची सून शिकायला आली. पहिल्या सकाळी तिने चाळीस फुले केली आणि तिसऱ्या दिवशी आम्ही मोजली तेव्हा एकोणतीस देठावर टिकली होती.