माझा अनुभव : कुत्री चेक, पोरगा इंग्रजी

त्सिरा आमच्याकडे ओहायोला आली ती शिकूनसवरूनच आली. चेक प्रजासत्ताकात जन्मलेली जर्मन शेफर्ड, अडीच वर्षांची. बस म्हटलं की बसणार, थांब म्हटलं की थांबणार, फक्त ते चेकमध्ये म्हणायला हवं. विकणाऱ्याने कागदपत्रांसोबत कमांडची यादी दिली होती आणि प्रत्येक शब्दापुढे इंग्रजी स्पेलिंगमध्ये उच्चार लिहिला होता. सगळा घोळ त्या यादीने केला.

इथल्या बऱ्याच पोलीस खात्यांत युरोपातून आणलेले कुत्रे असतात आणि त्यांना त्यांच्या मूळ भाषेतच हुकूम देतात. गुन्हेगाराला कळू नये म्हणून, असं लोक छातीठोक सांगतात. मला ते पटत नाही. अंगावर कुत्रा धावून येत असताना कोण त्याला शांतपणे ‘बस बाळा’ म्हणणार आहे? कुत्रा आधीच शिकलेला असतो, त्याला पुन्हा इंग्रजीत घडवण्यापेक्षा माणसाने दहा-पंधरा शब्द पाठ करणं सोपं, इतकं ते सरळ आहे. त्सिराच्या वंशावळीत मागे ‘पोह्रानिच्नी स्त्राश’ हे नाव लागतं. म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचं सीमारक्षक दल. दक्षिण बोहेमियातल्या लिब्येयोवित्से गावात १९५०च्या दशकात त्यांचं कुत्र्यांच्या पैदाशीचं केंद्र होतं, आणि आज जगभर ‘चेक लाइन’ म्हणून विकले जाणारे शेफर्ड बरेचसे त्या रक्ताचे. एवढी खानदानी बाई, आणि आमचे चिरंजीव तिला पहिल्या दिवसापासून ‘सिरा’ म्हणत होते. तिचं नाव लिहितात सीने, आणि चेकमध्ये नुसता सी म्हणजे ‘चमचा’तला च. त्यावर उलटी टोपी घातली की तो ‘चहा’तला च होतो. मराठीला हे दोन्ही च घरचे आहेत, पण आपल्याकडे पुढे इ आली की दंततालव्य च टिकत नाही, म्हणून मी देवनागरीत सरळ ‘त्सिरा’ लिहिते.

नवऱ्याच्या ऑफिसात चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहराची एक बाई आहे. तिने व्हॉट्सॲपवर सगळ्या कमांड म्हणून पाठवल्या. त्या ऐकत मी देवनागरीत यादी केली आणि फ्रिजवर लावली. सेद्न्यि म्हणजे बस. लेह्न्यि म्हणजे आडवी हो. के म्न्ये म्हणजे माझ्याकडे ये. क नोझे म्हणजे पायाशी चाल. झूस्तान्य, थांबून राहा. पुस्त्य, सोड. फुय, शी! या शेवटच्याला तर शिकवणीच लागली नाही. आघात प्रत्येक शब्दात पहिल्या अक्षरावर. इंग्रजी तोंडाला हे पटकन जमत नाही. आणून दे म्हणायला ‘आपोर्त’ आहे, त्यात पोराचा सगळा जोर ‘पोर्ट’वर जायचा आणि त्सिरा मान तिरकी करून बघत राहायची.

देवनागरीने निम्मं काम केलं, पण सगळं नाही. आपल्याकडे ऱ्हस्व आ लिहायची सोय नाही. शिवाय आपल्या जिभेची स्वतःची खोड आहेच. ‘लेह्न्यि’ यादीत बरोबर होतं, पण नवरा म्हणायचा ‘लेन्ही’. तो मूळचा सांगलीचा. संस्कृतातल्या चिह्नाचं आपण चिन्ह केलं, ब्राह्मणाला बोलताना ब्राम्हण केलं, तसाच हा ह उडी मारून मागे जातो. धर म्हणायला ‘द्र्श’ आहे, त्यात स्वरच नाही, र हाच स्वर. हा खरा ऋ! पण आपण ऋषीला रुषी म्हणणारी माणसं, त्यामुळे आमच्या घरी ‘द्रुश’ झालं. त्सिराने तेवढं चालवून घेतलं. ‘लेन्ही’ मात्र तिने अजिबात खपवून घेतलं नाही, उभीच राहायची.

खरा प्रश्न पोराचा होता. त्याला देवनागरी अक्षर लावत वाचावं लागतं, आणि त्सिराला शाळेनंतर फिरवायचं काम त्याचं. तेव्हा त्याच्या ओळखीच्या इंग्रजी शब्दांतून आवाज शोधून काढायला बसलो. ‘सेद्न्यि’तला न्य त्याच्या ‘कॅन्यन’मध्ये सापडला. लेह्न्यितला ह तो गिळायचा, कारण इंग्रजीत व्यंजनाच्या आधी ह कधी ऐकूच येत नाही. त्याला ‘अहेड’ म्हणायला लावलं, त्यातला ह घोगरा असतो, मग ‘लेह्’ वर थांब आणि पुढे ‘न्यि’ जोड. दोन तुकडे करून म्हण, मग हळूहळू जवळ आण. ‘पुस्त्य’च्या शेवटचा आवाज त्य आणि च यांच्या मधला आहे, ‘गेट यू’ भरभर म्हणताना जीभ टाळूला जिथे चिकटते तिथे.

क नोझेवर आम्ही अडकलो होतो. नी, नाइफ, नॉक लिहिताना के लिहायचा आणि म्हणायचा नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो नुसतं ‘नोझे’ म्हणायचा आणि त्सिरा आपली पुढे-पुढे ओढत न्यायची. एक दिवस तोच खिदळत आला. “आई, पिक नोझ म्हण, आणि पि खाऊन टाक!” नाकात बोट घालण्याच्या त्या इंग्रजी शब्दांतून बरोब्बर ‘क नोझ’ उरतं, शेवटी ए लावला की झालं. नोझमधला ओ चेकपेक्षा पसरट निघतो खरा, पण कुत्री डाव्या पायाशी येऊन चालायला लागली. आम्ही सुट्टीवर गेलो की शेजारच्या आजी त्सिराला सांभाळतात, त्यांनाही त्याने हेच शिकवलं. चर्चला नेमाने जाणाऱ्या बाई, आधी लाजल्या, आता अंगणात खणखणीत म्हणतात.

शाबासकीतही एक खोच आहे. विकणाऱ्याच्या यादीत ‘होद्नी’ होतं. ते नराला. मादीला ‘होद्ना’, शेवट लांबवून. कुत्रीला व्याकरणाचं काय, म्हणून सोडून देता आलं असतं, पण ‘होद्ना’ म्हटलं की तिची शेपटी वेगळीच हलते हे आम्ही तिघांनीही पाहिलंय. तिला लहानपणापासून तेच ऐकायची सवय असणार.

राहता राहिलं ‘आर’वर उलटी टोपी असलेलं अक्षर. पुढे पळ म्हणायच्या कमांडमध्ये ते आहे आणि ‘घेऊन ये’ या अर्थाच्या दुसऱ्या एका शब्दातही. र थरथरवायचा आणि त्याच वेळी झ किंवा श काढायचा, एकामागून एक नाही, एकदम. देवनागरीत ते मांडताच येत नाही, इंग्रजीतल्या युक्त्याही संपतात. ब्रनोच्या बाईंना विचारलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडे पोरांना हा आवाज सगळ्यात शेवटी येतो, कित्येकांना त्यासाठी वाचाउपचाराला नेतात. हे ऐकल्यावर आम्ही तो नाद सोडला. आणायला ‘आपोर्त’ आहेच, आणि घराच्या अंगणात कुत्रीला पुढे पळ म्हणून सांगावं लागत नाही.