पस्तीस डुकरे आणि एक घंटा

अमेरिकेतील आयोवा राज्याच्या राजधानीत, डे मॉईन येथे, विधानभवनाच्या आवारात जपानी धाटणीची एक मोठी घंटा आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती मला कुणीतरी हौसेने आणून ठेवलेली शोभेची वस्तू वाटली होती. जपानमधील यामानाशी प्रीफेक्चरच्या (म्हणजे प्रांताच्या) लोकांनी ती १९६२ मध्ये कृतज्ञतेपोटी दिली आणि त्या कृतज्ञतेचे कारण डुकरे होती, हे कळायला मला येथे राहूनही तीन वर्षे लागली.

१९५९ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये लागोपाठ आलेल्या दोन वादळांनी यामानाशीची शेती आणि पशुधन उद्ध्वस्त केले. जपानमध्ये नोकरी केलेला, मूळचा आयोवाचा, अमेरिकी हवाई दलातील सार्जंट रिचर्ड थॉमस याने मदतीची कल्पना मांडली, मक्याच्या शेतकऱ्यांच्या संघटनांनी ती उचलून धरली आणि १९६० च्या जानेवारीत विमानाने ३५ पैदाशीची डुकरे जपानला पोहोचली. त्यांच्या पाठोपाठ सुमारे दीड हजार टन मकाही गेला. या दानातली मक्याची बाजू मला विशेष शहाणपणाची वाटते, कारण नुसती जनावरे पाठवली असती तर वादळाने उघड्यावर आलेल्या शेतकऱ्याकडे खाणारी तोंडे तेवढी वाढली असती. तीन वर्षांत या कळपाची संख्या पाचशेच्या घरात गेली, असे सांगतात. १९६० मध्येच आयोवा आणि यामानाशी भगिनी राज्ये झाली, म्हणजे त्यांच्यात मैत्रीचा करार झाला. अमेरिकेतील राज्य आणि जपानमधील प्रीफेक्चर यांच्यातले हे असे पहिले नाते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्य आणि जपानमधील चिबा प्रीफेक्चर यांचे असेच नाते १९९० चे आहे. चिबातील नोदा गावच्या किक्कोमान कंपनीने सोया सॉसचा कारखाना विस्कॉन्सिनमधील वॉलवर्थला १९७३ मध्येच सुरू केला होता, म्हणजे तेथे व्यापार आधी आला आणि मैत्रीचा करार मागाहून. त्या मैत्रीचा कारभारही आमच्या आयोवातल्याप्रमाणे स्वयंसेवकच पाहतात.

करारावर सह्या गव्हर्नर करतात, पण पाहुण्यांच्या पलंगावर धुतलेली चादर कोण घालणार, हा प्रश्न सहीने सुटत नाही. गेल्या वर्षी यामानाशीहून आलेल्या गटातील दोघी जणी आमच्याकडे तीन रात्री उतरल्या, तेव्हा हे मला नीट समजले. विमानाची वेळ मी चुकीची टिपून घेतल्यामुळे त्या दोघी विमानतळावर तासभर ताटकळल्या. मी धापा टाकत पोहोचलो, तर माफी त्याच मागू लागल्या. त्यांतल्या वयस्कर बाईंनी घरात शिरताच आपले बूट काढून, टाचा भिंतीकडे आणि चवडे दाराकडे करून, जोडीने लावले आणि मग माझ्या मुलाचे विखुरलेले बूटही तसेच ओळीत ठेवले. संभाषण फोनवरच्या अनुवादाने चालले होते. मात्र रात्री त्यांनी आपल्या द्राक्षबागेची छायाचित्रे बाहेर काढली आणि एकेका घडाला कागदी टोपी कशी घालतात हे हातांनी करून दाखवले, त्या वेळी फोन बाजूलाच पडून राहिला.

त्यांना मी घंटा दाखवायला नेले. १९९३ च्या महापुरात डे मॉईनचे जलशुद्धीकरण केंद्रच पाण्याखाली गेले आणि शहराचे नळ कोरडे पडले, त्या वर्षी यामानाशीने आयोवाला ३ लाख डॉलर पाठवले होते, हे मला तेथे उभे असताना त्यांनी नव्हे, तर आमच्या गटाच्या गाडीचे सारथ्य करणाऱ्या निवृत्त शिक्षिकेने सांगितले. पाहुण्या शेजारीच होत्या. अनुवाद ऐकून त्या फक्त किंचित झुकल्या आणि घंटेचे छायाचित्र घेऊ लागल्या.

पुढच्या गटासाठी यजमानांच्या यादीत नाव घालायचे का, असा निरोप परवा आला. होकार कळवताना विमानाची वेळ मी दोनदा विचारून घेतली आहे.