घरची कास्क एल आणि वीस लिटरची पिशवी

माझा मावसभाऊ मूळ अमळनेरचा, आता इंग्लंडला असतो आणि घरीच एल, म्हणजे बिअरचा एक प्रकार, बनवतो. तिथं स्वतःपुरती बिअर करायला १९६३ पासून लायसन्स लागत नाही, आपल्याकडे लागतं, म्हणून आम्ही जळगाववाले फोनवर ऐकूनच खूश. पण ऐकण्यासारखं खरंच आहे भो!

कास्क एल म्हणजे पिंपातली एल, तिच्यात यीस्ट जिवंत असतं, ती त्या भांड्यातच दुसऱ्यांदा फर्मेंट होते, बाहेरून गॅस मारत नाहीत, म्हणून फेस कमी आणि माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) चव मोकळी लागते. पबमधला फर्किन, म्हणजे तिथलं पिंप, असतो ४१ लिटरचा, एकदा उघडला की हवा आत जाते आणि तीनेक दिवसांत संपवावा लागतो, आता घरात दोन माणसं, एवढी पिणार कोण? म्हणून तो पॉलिपिन वापरतो, म्हणजे खोक्यात बसवलेली साधारण २० लिटरची तोटीवाली प्लास्टिकची पिशवी. बिअर काढत जाल तशी पिशवी आकसते, हवा शिरत नाही, त्यामुळे आरामात जास्त दिवस टिकते. मला तर ही आयडिया फार आवडली, पंप नाही सिलिंडर नाही.

दुसऱ्यांदा फर्मेंट होण्यासाठी पिशवीत साखर घालतात, ती मात्र बाटलीपेक्षा बरीच कमी घालायची, नाहीतर पिशवी फुगते, फुगलीच तर तोटी वर करून हळूच गॅस सोडायचा. मग गाळ खाली बसेपर्यंत हलवायचं नाही.

प्यायची ११ ते १३ डिग्रीला. आपल्या मे महिन्यात फ्रिजशिवाय अशक्यच, पण हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्टीला, कळण्याच्या भाकरीसोबत, ही एल जमेल असं मला मनापासून वाटतं.