आईचं घर आवरलं, मेलबर्नमधून

आई गेली २०२१ च्या मार्चमध्ये, शिमग्याच्या थोडं आधी. आमचं घर मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या अलीकडे, चिऱ्याच्या भिंती आणि वर कौलं. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटीच राहायची. मी मेलबर्नला, दादा डोंबिवलीला. दादा रात्रभर गाडी चालवून पोचला, मी सगळं फोनवर पाहिलं, आणि त्याबद्दल आत्ताही मला लिहवत नाही, म्हणून ते सोडून देते. लिहायचंय ते नंतरच्या कामाबद्दल, म्हणजे तिचं भरलेलं घर इतक्या लांबून आवरण्याबद्दल, कारण तेव्हा मला कोणी विचारायला सापडलं नव्हतं आणि परदेशात राहणाऱ्या कितीतरी जणांवर ही वेळ आली असणार किंवा येणार.

आधी, घाई का होती ते सांगते. शहरातला फ्लॅट असता तर कुलूप लावून वर्षभर ठेवला असता. कोकणात तसं जमत नाही हो. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चूल पेटत नाही म्हणजे धूर नाही, धूर नाही म्हणजे वाशांना वाळवी लागायला मोकळं रान, आणि बंद खोलीत गाद्या, कपडे, पोथ्या, धान्य जे काय असेल त्यावर आषाढ संपायच्या आत बुरशी धरते. त्यामुळे जूनच्या आधी निदान कुजणाऱ्या वस्तू तरी बाहेर निघायला हव्या होत्या.

मी जाऊ का शकले नाही, हेही सांगते, कारण नंतर नातेवाइकांपैकी काही जण बोलले. ऑस्ट्रेलियात तेव्हा कोरोनामुळे नागरिकांना आणि पीआरवाल्यांना, म्हणजे कायमच्या रहिवाशांना, देशाबाहेर जायलाच सरकारची परवानगी लागायची. आईच्या कारणासाठी ती मिळाली असती, पण परत यायचं कसं? येणाऱ्या माणसांच्या संख्येवर मर्यादा, आल्यावर १४ दिवस हॉटेलात क्वारंटाइन आणि त्याचे एका मोठ्या माणसाचे ३००० डॉलर. माझी मुलगी तेव्हा लहान. तरी मी एप्रिलभर तिकीट शोधत होते. मग २७ एप्रिलला भारतातून येणारी विमानंच थांबवली, आणि ३ मेपासून तर मागच्या १४ दिवसांत भारतात राहिलेल्या माणसाने ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवलं तर दंड किंवा पाच वर्षांपर्यंत तुरुंग, अगदी स्वतःच्या नागरिकांनासुद्धा. ते १५ मेपर्यंत चाललं. सुमारे ९ हजार लोक तिकडे अडकले होते. मी गेले असते तर त्यांच्यातलीच एक झाले असते. तिकडे दादाचीही तीच गत, तेराव्यानंतर तो डोंबिवलीला परतला आणि २२ एप्रिलपासून महाराष्ट्रात एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला पुन्हा बंदी, ई-पास हवा, आणि 'घर आवरायचंय' या कारणासाठी कोण पास देणार.

मग राहिलं कोण? शेजारची काकी आणि चुलत भावाचा मुलगा, तो बारावीनंतर घरीच होता. हे दोघं नसते तर काहीच झालं नसतं, हे मी मनापासून सांगते.

कोणी कोणी सुचवलं की मालवणातून एखादा भंगारवाला बोलव, ठोक भावात सगळं उचलून नेईल, दोन तासांत घर मोकळं. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं. आणि नुसत्या भावनेचा प्रश्न नव्हता, कुठल्या डब्यात काय आहे हे त्या माणसाला काय माहीत? आई महत्त्वाचे कागद तांदळाच्या डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची, हे फक्त काकीला माहीत होतं. विम्याची पावती तिथेच मिळाली. मला जे सांगायचंय ते एवढंच, लांबून घर आवरायचं असेल तर गेलेल्या माणसाच्या रोजच्या जगण्याला साक्षी असलेलं कोणीतरी त्या खोलीत उभं पाहिजे. मजूर, पैसे, टेम्पो या गोष्टी नंतर.

पद्धत अशी बसली. सुरुवातीला व्हिडिओ कॉल करून बघितला, पण आमच्याकडे रेंज फक्त खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, एका कोपऱ्यात, आत माजघरात गेलं की चित्र थिजायचं आणि काकी बोलतेय ते अर्धंच ऐकू यायचं. मग भाचा, म्हणजे तो चुलत भावाचा मुलगा, दिवसा आतले व्हिडिओ काढून ठेवायचा, एक कपाट, एक फडताळ, एक कोपरा, असे छोटे छोटे, आणि संध्याकाळी खळ्यात येऊन पाठवायचा. काकी मागून बोलत असायची. आमच्यात साडेचार तासांचा फरक, म्हणजे तिकडे सात वाजता पाठवलं की माझ्याकडे साडेअकरा. मुलगी झोपलेली असायची, मी ते बघून प्रत्येक वस्तूबद्दल आवाजात उत्तर पाठवायची, लिहून नाही, कारण काकी वाचत नाही आणि मला तिच्याशीच बोलायचं होतं. दुसऱ्या दिवशी ती ते ऐकून भाच्याला सांगायची आणि तो वस्तूवर खडूने खूण करायचा. ठेवायची असेल तर चौकोन, द्यायची असेल तर ज्याला द्यायची त्याच्या घराचं पहिलं अक्षर, आणि ज्याचं काही ठरलं नाही त्यावर काहीच नाही. अशा न ठरलेल्या वस्तू बऱ्याच होत्या आणि मी त्यांची घाई केली नाही. घाई करू नका. गादी आणि उशा कुजतात, त्या आधी काढा. तांब्या-पितळेला काही होत नाही, ते सहा महिने तसंच पडलं तरी चालतं.

धान्य पहिलं निघालं. उकडा तांदूळ, कुळीथ, आणि आदल्या वर्षीची आमसुलं, ती काकीने वाटून टाकली. औषधांच्या न उघडलेल्या पट्ट्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन दिल्या. साड्यांचं मला सगळ्यात कठीण गेलं. एकेक साडी भाचा फोनसमोर उलगडायचा, आणि काकी सांगायची की ही अमक्याच्या लग्नातली, ही तू पाठवलेल्या पैशातली, ही ती नेसलीच नाही. मी चार ठेवायला सांगितल्या, दोन वहिनीला, बाकी वाडीतल्या बायकांनी नेल्या, आणि जुनेर होतं त्याच्या काकीने गोधड्या शिवल्या.

एका व्हिडिओत भाचा तांब्याचं घंगाळ उचलून "हे वजनावर जाईल" म्हणाला, तर मागून काकीचा आवाज, "नाय रे नाय! बाय गो, ह्यां घंगाळ तुझ्या आवशीन माहेराहून आणलेलां, ह्यां भंगारात घालू नको." मला हे माहीतच नव्हतं. लहानपणापासून ते न्हाणीत बघत आले आणि कधी विचारलं नाही. मी म्हटलं काकी तुम्हीच ठेवा, तर म्हणे, "माका नको, पण टाकू नको." शेवटी ते थोरल्या घरात, चुलत्यांकडे गेलं, आमचे देवही भटजींना विचारून तिकडेच नेऊन ठेवले, म्हणजे रोज दिवा लागतो.

आणि मग १६ मे. तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यालगत गेलं. त्या दिवशी फोन लागेना. सिंधुदुर्गात विजेचे खांब ठिकठिकाणी आडवे झाले होते, मोबाइलचे टॉवर बंद, आणि मी इथे बातम्यांत मालवणची किनारपट्टी बघत बसलेली. घरात आता कोणी नाही हे माहीत असूनही जीव वर-खाली होत होता. काकी कशी असेल याची चिंता तर होतीच. काही दिवसांनी भाच्याचा मेसेज आला, सगळे ठीक, मागच्या अंगाची कौलं उडाली, फणसाची फांदी मांगरावर, म्हणजे गोठ्यावर, पडली, आणि माळ्यावर पाणी शिरलं. लाइट यायला त्यानंतरही बरेच दिवस लागले.

माळ्यावर बाबांची पत्र्याची ट्रंक होती. बाबा लालबागला गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गावी आले ते कायमचेच. ट्रंकेत काय आहे हे आम्हा भावंडांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि वादळ झालं नसतं तर पावसाळाभर ती तशीच राहिली असती. भाच्याने ती खाली आणून उघडली तर मनिऑर्डरची कुपनं, आईने सुतळीत बांधून ठेवलेली, कडा भिजलेल्या. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली दोन ओळी लिहिण्यापुरती जागा असायची, तेवढं कुपन फाडून पोस्टमन द्यायचा. बाबांचं अक्षर ठसठशीत आणि तिरकं. एकावर होतं: "रु. ६० पाठवले. पावसाआधी कौलं परतून घेणे. बाळाची तब्येत कळवणे." बाळ म्हणजे दादा. मी भाच्याला म्हटलं, बाकी सगळं थांबव, आधी हे. त्याने खळ्यात कपडा पसरून एकेक कुपन उन्हात सुकवलं, वर दगड ठेवून, आणि शाई फिकट व्हायच्या आत प्रत्येकाचा फोटो काढला. दादाला पाठवले तर त्याने फोन केला आणि बराच वेळ बोललाच नाही.

तर ज्यांच्या घरात माळा आहे त्यांनी माळा पहिल्यांदा बघा, हे मी आवर्जून सांगेन. सगळं आवरून झाल्यावर शेवटी बघू, असं माळ्याच्या बाबतीत करू नका.

आता कागदपत्रं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची असते, ती दादाने तिथे असतानाच केली आणि दाखल्याच्या भरपूर प्रती घेतल्या, ते फार उपयोगी पडलं. सातबाऱ्यावर वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग फेरफार धरला जातो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. एका वारसाने अर्ज केला तरी सगळ्या वारसांची नावं लागतात, त्यासाठी मला तिकडे हजर राहायची गरज पडली नाही. फक्त सरकारी कार्यालयांत तेव्हा १५ टक्केच माणसं, त्यामुळे सगळं रेंगाळलं. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो, तो आधी काढून आईचं नाव कुठल्या कुठल्या गट नंबरला आहे ते तपासून घ्या. आमचं भाताचं एक कुणगं, म्हणजे शेताचा तुकडा, वेगळ्या गटात निघालं.

माझ्या सहीसाठी दर वेळी कागद पोस्टाने फिरवायला नको म्हणून मी दादाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र केलं. इथे दोन साक्षीदारांसमोर सही आणि भारतीय कॉन्सुलेटचं अटेस्टेशन, ते तेव्हा व्हीएफएस या कॉन्सुलेटसाठी अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत झालं. मेच्या अखेरीस मेलबर्नला पुन्हा लॉकडाऊन लागला, त्याच्या आधी सुदैवाने माझं काम झालं. महत्त्वाचं म्हणजे परदेशात केलेलं असं पत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कुरिअरच्या पाकिटावरची तारीख जपून ठेवा. दादा निर्बंध सैल झाल्यावर, जूनमध्ये, जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला जाऊन ते करून आला. घरपट्टीच्या उताऱ्यावर, म्हणजे नमुना ८ वर, नाव लावायचं काम वेगळं, ते ग्रामपंचायतीत. विजेचा मीटर काढून टाकू नका असं सगळ्यांनी सांगितलं आणि ते बरोबरच आहे, पंप आणि दोन बल्ब चालू राहिले म्हणून कोणीतरी घरात शिरून झाडलोट करू शकतं. बँकेत नॉमिनी दादा होता म्हणून ते सोपं गेलं, एका ठिकाणी मात्र मला प्रत्यक्ष या म्हणत होते, विमानं बंद आहेत हे सांगूनसुद्धा, त्यावर बोलत नाही.

जूनमध्ये दादाने येऊन कौलं बसवून घेतली, ओटी आणि माजघर मोकळं केलं, चौकोनाची खूण असलेलं सगळं एका खोलीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवलं आणि किल्ली काकीकडे दिली. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ती आमच्या चुलीत जाळ करायची, वाशांना धूर लागावा म्हणून. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

ऑस्ट्रेलियाने लस घेतलेल्यांसाठी १ नोव्हेंबर २०२१ ला दारं उघडली, मी डिसेंबरात गेले. खुणा न केलेल्या वस्तूंपुढे मी आणि काकी दोघी बसलो आणि दोन दुपारींत ठरवून टाकलं, कारण आता हातात घेऊन बघता येत होतं. पाटा-वरवंटा तिथेच ठेवला. रोवळ्या आणि सुपं काकीला. घर विकायचं नाही असं दादाचं आणि माझं ठरलं, सातबारा दोघांच्या नावावर आहे तसाच राहील. मागच्या अंगाचे दोन वासे मात्र वाळवीने गेलेत, ते बदलायचेत, सुतार काकीच्या माहितीतला आहे आणि फणसाचं लाकूड आपलंच आहे म्हणजे फक्त मजुरी द्यायची.