रेघ जिथे जाड होते

माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या काचेखाली एक पिवळे पडलेले पाकीट आहे. लंडनमधल्या एका आठवडी बाजारात, जुन्या पोस्टकार्डांनी भरलेल्या खोक्यात ते मला मिळाले. १९५०च्या दशकात घरी कपडे शिवणाऱ्या बायका जे पेपर पॅटर्न विकत घेत, त्यांतलाच हा एक. आत पातळ कागदाचे बेतून कापलेले तुकडे आहेत, त्यांवर छापील खुणांऐवजी बारीक छिद्रे आहेत आणि पाकिटाच्या दर्शनी बाजूला चित्र आहे. चित्रातली स्त्री उजवा हात कमरेवर ठेवून, डाव्या पायावर भार देऊन उभी आहे. हातात मनगटाच्या वर येणारे मोजे, डोक्यावर बशीएवढी टोपी आणि कमरेपासून पोटरीपर्यंत उतरलेला भरपूर घेराचा स्कर्ट. चित्रकाराचे नाव पाकिटावर कुठेही नाही.

या चित्रातल्या एकाच रेघेकडे मी गेले कित्येक महिने पाहत आले आहे. स्कर्टच्या, तिच्या डाव्या बाजूची ती रेघ कमरेपाशी केसासारखी बारीक सुरू होते, कटीवरून वळताना भरत जाते, खालच्या मोठ्या चुणीपाशी बोरूने ओढल्यासारखी जाड होते आणि काठाला पोचण्याआधीच मध्ये तुटते. त्यानंतर नखाएवढी कोरी जागा आहे आणि मग काठ. पहिल्यांदा मला हे हाताचे कसब वाटले, पण पाहत राहिल्यावर खात्री झाली की ही रेघ ओढणाऱ्याला कापडाचे वजन ठाऊक होते. ते कुठे अडते, कुठे लोंबते, उजेड कुठे पडतो, हे सारे त्याने एका ओढीत सांगितले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या फॅशनचित्रांवर माझा जीव जडला तो यामुळे.

या चित्रांवर नेहमी एक आक्षेप घेतला जातो की ती खोटी असतात. माणसाची उंची साधारणपणे त्याच्या स्वतःच्या साडेसात डोक्यांइतकी भरते, तर फॅशनचित्रात ती साडेआठ, कधी नऊ डोक्यांपर्यंत नेली जाते आणि वाढवलेली सगळी लांबी पायांना मिळते. हे खरे आहे. परंतु ज्यांनी त्या काळातला एखादा पोशाख संग्रहालयात पुतळ्यावर चढवलेला पाहिला असेल, त्यांना तो पुष्कळदा किती निर्जीव दिसतो हेही ठाऊक असेल. पोशाख हाताशी असूनही तो अंगावर वागवायचा कसा, खांदे किती उतरते ठेवायचे, पाऊल कसे टाकायचे, हे पोशाखावरून कळत नाही. ते त्या चित्रांतून कळते. शरीर लांबवण्याची सूट चित्रकाराने घेतली, पण कापडाच्या बाबतीत, निदान त्यांच्यातल्या चांगल्यांनी, ती कधी घेतली नाही.

रेघ आणि कापड यांचे नाते मला सर्वांत स्पष्ट दिसते ते १९४५ च्या पॅरिसमध्ये. युद्ध अजून संपलेले नव्हते, कापडाचा, कातड्याचा, कोळशाचा तुटवडा होता आणि पॅरिसच्या शिवणघरांना आपण जिवंत आहोत हे जगाला दाखवायचे होते. पूर्ण मापाचे पोशाख करण्याइतके कापड नव्हते, म्हणून त्यांनी सुमारे ७० सेंटीमीटर उंचीच्या बाहुल्या केल्या आणि त्यांना खऱ्याखुऱ्या पोशाखांच्या तोडीचे, हाताने शिवलेले, काज-बटणांसह नेटके कपडे चढवले. ‘थिएत्र द ला मोद’ या नावाने हे प्रदर्शन त्या वर्षीच्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये भरले आणि पुढे युरोप-अमेरिकेतल्या शहरांत फिरले. बाहुल्यांची कल्पना रेखाटली होती एलियान बोनाबेल या तरुण चित्रकर्तीने, आणि त्यांची शरीरे होती नुसत्या तारेची. चेहरा घडवलेला, कपडे पूर्ण आणि मधले शरीर म्हणजे हवेत ओढलेली एक रेघ. या बाहुल्या आज अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात आहेत. मी त्यांची फक्त छायाचित्रे पाहिली आहेत, तरीही तारेच्या त्या उघड्या हातांपुढे मी दर वेळी थांबते.

त्यानंतर दोन वर्षांनी, १२ फेब्रुवारी १९४७ रोजी, फ्रेंच फॅशनकार क्रिस्तियन दिओर यांनी पॅरिसच्या ३०, अव्हन्यू माँतेन्य या पत्त्यावर आपला पोशाखांचा पहिला संग्रह मांडला. उतरते खांदे, आवळलेली कंबर, भरलेली कटी आणि पोटरीखाली गेलेला घेर. ‘हार्पर्स बझार’ या अमेरिकन फॅशन मासिकाच्या संपादक कार्मेल स्नो यांच्या उद्गारावरून त्याला ‘न्यू लुक’ हे नाव पडले. दिओर यांनी स्वतः ठेवलेले नाव मात्र होते ‘कोरोल’, म्हणजे आपण शाळेत वनस्पतिशास्त्रात शिकलो तो फुलाचा दलपुंज, आणि ते नाव मला अधिक नेमके वाटते. ब्रिटनमध्ये त्या वेळी कपडे कुपनांवर मिळत होते. जून १९४१ मध्ये सुरू झालेले ते रेशनिंग मार्च १९४९ पर्यंत चालले. अशा वेळी एका स्कर्टात इतके कापड घालणे अनेकांना संतापजनक वाटले, आणि त्या संतापात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही.

परंतु ते कापड कसे वापरले होते ते पाहण्यासारखे आहे. त्या पहिल्याच संग्रहातला ‘शेरी’ नावाचा गडद निळ्या टॅफेटाचा, म्हणजे कडक, चकचकीत रेशमी कापडाचा, पोशाख घ्या. त्याच्या स्कर्टसाठी कापडाचा पूर्ण पन्हा, एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत, न कापता वापरला आहे. कापड आडवे घेतल्याने एक किनार कमरेत आणि दुसरी खाली काठाला येते. कमरेत बारीक चुण्या घालून सगळा घेर आवळलेला आहे, आणि आवळलेल्या त्या कापडाचाच जाड थर कटीला फुगवटा देतो. म्हणजे कंबर बारीक दिसते ती तिच्या लगेच खाली कापड दाटल्यामुळे. असा स्कर्ट काढायचा तर चित्रकाराला कमरेखालचा तो दाट भाग आणि त्याखाली मोकळ्या सुटलेल्या चुण्या यांतला फरक समजलेलाच हवा, नाहीतर कागदावर नुसती घंटा उतरते.

दिओर यांना हे रेघेतून सांगता येत होते, कारण ते स्वतः चित्रे विकून या धंद्यात आलेले होते. त्यांची आर्ट गॅलरी मंदीत बंद पडल्यावर, १९३०च्या दशकात, ते शिवणघरांना टोप्यांची आणि पोशाखांची रेखाटने विकत आणि ‘ल फिगारो’ या वृत्तपत्रासाठी फॅशनचित्रे काढत. पुढे आपल्या संग्रहांना त्यांनी जी नावे दिली, ती तर सरळ अक्षरांचीच होती: १९५४ मध्ये ‘एच’, १९५५ च्या वसंतात ‘ए’ आणि त्याच वर्षीच्या शरदात ‘वाय’. पोशाखाचा अवघा आकार तीन-चार फटकाऱ्यांत सांगता आला पाहिजे, असा हा आग्रह होता. तेव्हा त्यांना चित्रकार मिळाला तोही तीन-चार फटकाऱ्यांत बोलणाराच, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

तो चित्रकार म्हणजे रने ग्रुओ. जन्म १९०९ चा, इटलीतल्या रिमिनीचा. वडील इटालियन सरदार घराण्यातले आणि आई फ्रेंच. ग्रुओ हे आईच्या माहेरचे आडनाव, तेच त्यांनी आयुष्यभर लावले. २००४ मध्ये रोममध्ये त्यांचे निधन झाले. जाड काळी बाह्यरेषा, सपाट रंग, पुष्कळ कोरी जागा आणि बहुधा एकच लाल, अशी त्यांची चित्रे लांबूनही ओळखू येतात. जपानी ठसेचित्रे आणि फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेक यांच्या भित्तिपत्रकांचा वारसा त्यांत उघड दिसतो. सही म्हणजे ‘जी’ हे अक्षर आणि त्यावर एक छोटा तारा.

पहिल्या संग्रहाबरोबरच दिओर यांनी ‘मिस दिओर’ हे अत्तर आणले आणि ग्रुओंनी त्याच्या जाहिरातीसाठी एक राजहंस काढला. पांढरा हंस, मानेवर मोठा काळा बो आणि मोत्यांची माळ. बाटली नाही, स्त्री नाही, पोशाखही नाही. तरीही त्या मानेच्या वळणात न्यू लुकचा उतरता खांदा आणि त्या बोमध्ये आवळलेली कंबर मला स्पष्ट दिसते. १९४९ च्या जाहिरातीत त्यांनी स्त्रीचा एक हात बिबट्याच्या पंजावर ठेवला. ती जाहिरात अधिक गाजली असली, तरी माझे मत हंसाच्याच बाजूने आहे, कारण पंजाच्या चित्राला काहीतरी सुचवायचे आहे आणि हंसाला तशी गरजच पडलेली नाही.

मी हे चित्र समोर ठेवून कितीदा तरी ब्रशने गिरवले आहे. कागदावर शाई ओली असतानाच हाताला निर्णय घ्यावा लागतो. मानेच्या वळणावर ब्रश दाबला तर रेघ जड होते आणि हंस झोपल्यासारखा दिसतो, आणि जरा घाबरून उचलला तर मान मोडते. ग्रुओ एका अंतिम रेघेपूर्वी पुष्कळ कच्ची रेखाटने करत. एका दमात काढल्यासारखे दिसणारे ते वळण खूप रियाजानंतरचे आहे, हे हातात ब्रश घेतल्यावरच नीट समजते.

सगळेच त्या वाटेने गेले नाहीत. ‘व्होग’ या फॅशन मासिकाचे चित्रकार एरिक, म्हणजे कार्ल एरिकसन, प्रत्यक्ष मॉडेल समोर असल्याशिवाय चित्र काढत नसत, आणि त्यांच्या स्त्रिया खरोखर कुणाची तरी वाट पाहत बसल्यासारख्या दिसतात. क्रिस्तियन बेरार अनेकदा चेहरे कोरेच सोडत. एरिक १९५८ मध्ये गेले, बेरार त्याआधीच, १९४९ मध्ये. मासिकांची मुखपृष्ठे तोवर छायाचित्रांकडे गेली होती.

वृत्तपत्रांत मात्र चित्र टिकले आणि त्याचे कारण अगदी कारागिरीचे आहे. छायाचित्र छापायचे तर ते ठिपक्यांत फोडावे लागते, आणि वृत्तपत्राच्या खरबरीत कागदावर ते ठिपके पसरले की काळी मखमल आणि काळी लोकर सारखीच दिसतात. शाईची रेघ मात्र जशीच्या तशी उमटते. म्हणून न्यूयॉर्कची मोठी दुकाने आपल्या जाहिराती चित्रकारांकडून करून घेत. १९५५ पासून ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आय. मिलर या जोड्यांच्या दुकानाच्या जाहिराती पुढे पॉप आर्टसाठी गाजलेले अँडी वॉरहॉल काढत असत. एका कागदावर शाईने रेघ ओढायची आणि ती ओली असतानाच दुसऱ्या कागदावर दाबून उमटवायची, ही त्यांची पद्धत होती, आणि त्यामुळे येणारी तुटक, थरथरती रेघ छपाईत फार सुंदर दिसे. कपड्यांच्या धंद्याचे वृत्तपत्र असलेल्या ‘विमेन्स वेअर डेली’त केनेथ पॉल ब्लॉक १९५०च्या दशकापासून काढत राहिले ते १९९२ मध्ये त्या पत्राने आपला चित्रविभाग बंद करेपर्यंत.

माझ्या पाकिटावरचा चित्रकार यांच्यापैकी कोणी नव्हे. पण त्याची रेघ खरी की खोटी हे तपासण्याचा एकच मार्ग होता, म्हणून या पावसाळ्यात मी तो स्कर्ट शिवायला घेतला. मूळ कागद हात लावला की तुटतो, त्यामुळे सगळे तुकडे आधी खाकी कागदावर उतरवून घेतले. पहिला स्कर्ट पॉपलीनचा शिवला आणि तो ओल्या पडद्यासारखा पायांना चिकटून राहिला. माझी मावशी चाळीस वर्षे शिवणवर्ग चालवत होती. तिने काठ दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाली, “अगं, ह्याला वजनच नाही. जड कापड घे, आणि खाली चार बोटं दुमड ठेव. टीप मारू नकोस, हातशिलाई कर.”

दुसऱ्यांदा मी जाड टॅफेटा घेतला, कमरेतल्या चुण्या अधिक जवळ घातल्या आणि काठाला चार बोटे दुमड ठेवून ती दोन दुपारी बसून हाताने शिवली. मग स्कर्ट नेसून आरशासमोर उभी राहिले, अगदी चित्रातल्यासारखी, उजवा हात कमरेवर आणि भार डाव्या पायावर. डावी कटी वर उचलली गेली, कापड तिच्यावर अडले आणि तिथून एक मोठी चुणी सरळ खाली उतरली. बाकीच्या साऱ्या चुण्या तिच्यापुढे फिक्या होत्या. चित्रात रेघ जाड झाली आहे ती नेमकी याच जागी. तिच्या खाली, काठाच्या थोडे वर, खिडकीतला उजेड टॅफेटावर पडला होता, आणि तेवढ्या नखाएवढ्या जागेत स्कर्टची कड दिसत नव्हती.