नऊ वर्षं उभ्या गाडीतून अकराशे किलोमीटर

मामांच्या गाडीवरची ताडपत्री ओढली तशी शेडभर धूळ झाली. बॉनेट उघडून एअर फिल्टरचं झाकण काढलं, तर आत उंदराचा मोडका संसार: कुरतडलेला कागद, सुतळी, सीटमधला फोम. नऊ वर्षं गाडी जागची हलली नव्हती. "उभी का केलीत?" असं विचारल्यावर मामा म्हणाले, "असंच." वर एक अट घातली, "न्यायची तर न्या, पण परत इथे आणून लावायची नाही."

आम्हाला अशीच गाडी हवी होती. मित्रमंडळींनी ठरवलेल्या रॅलीचे नियम सोपे होते. गाडी वीस वर्षांहून जुनी हवी, इंजिन हजार सीसीच्या आत, खर्चाला मर्यादा, फक्त ब्रेक आणि टायरचा खर्च त्यात धरायचा नाही. शेवटची सवलत ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याने आमच्यावर उपकारच केले. २००४ मध्ये मंगोल रॅली, म्हणजे छोट्या गाड्यांतून युरोपातून थेट मंगोलिया गाठायची मोहीम, पहिल्यांदा निघाली तेव्हा सुटलेल्या सहा गाड्यांपैकी चार पोहोचल्या होत्या. हा आकडा आम्ही घरच्यांना ऐकवत होतो. आमचं प्रकरण त्यापुढे किरकोळ: तीन दिवस, ११०० किलोमीटर.

इतकी वर्षं बंद असलेल्या गाडीला आधी किल्ली लावायचीच नाही. मोह होतो, पण सिलिंडर कोरडे पडलेले असतात, पिस्टनच्या रिंगांना गंज धरलेला असू शकतो. आम्ही प्लग काढले, प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडलं आणि दोन दिवस गप्प बसलो. मग क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवायला घेतलं. आधी ढिम्म. थोडं मागे, थोडं पुढे करता करता ते एकदम सैल झालं, तेव्हा आम्ही दोघंही कारण नसताना कुजबुजत बोलत होतो.

टाकीतल्या पेट्रोलला व्हार्निशचा वास येत होता. ते सगळं काढलं. कार्बोरेटर उघडला तर पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या बारीक भोकांत पिवळा चिकट थर. जुनं पेट्रोल उडून जातं आणि मागे हा डिंक ठेवतं. जेट धुऊन हवा मारली, ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट पॉलिश पेपरने घासले, बॅटरी नवीन टाकली, टायमिंग बेल्ट न बघताच बदलला. अकराव्या सेल्फला इंजिन खोकलं, निळा धूर ओकलं आणि चालू राहिलं. धूर पुढे आपोआप कमी झाला.

ब्रेकचं मात्र सगळं नवीन घातलं. फ्लुइड काळ्या चहासारखं झालं होतं. हे तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं ब्रेक फ्लुइड नवीन असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरला की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उतारावर ब्रेक तापले की तेलाची वाफ होते आणि पेडल सरळ तळाला जातं. टायरवरून मामांशी वाद झाला. "नक्षी बघ, नवीनच आहेत," हे त्यांचं म्हणणं. टायरच्या बाजूवर चार आकडे होते, ३२०९. म्हणजे २००९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत होती आणि बाजूचं रबर भेगाळलं होतं. चारही टायर टाकून दिले.

रेडिएटर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतला, होजपाइप बदलले. जुनं टोपण पुसून परत लावलं.

पहिला दिवस सपाट रस्त्याचा, सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घाट लागला आणि अर्ध्यावर तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला. मित्राने हीटर पूर्ण सोडला. हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता तो आत बसलेल्यांच्या अंगावर टाकतो. भर उन्हात काचा खाली करून आम्ही घामाने निथळत दोन वळणं चढलो. तिसऱ्या वळणावर वाफेचा फवारा काचेवर आला. थांबलो.

गरम रेडिएटर उघडायचा नसतो, म्हणून चाळीस मिनिटं दगडावर बसून टोपणाकडे नुसतं बघत होतो. त्या टोपणात स्प्रिंग असते. ती आतलं पाणी दाबाखाली ठेवते, आणि साधारण एक बार दाबाने पाण्याचा उत्कलनबिंदू वीस अंशांनी वर जातो. आमच्या टोपणाचं रबर बिस्किटासारखं तुटलं होतं, म्हणजे दाब धरणारं काही नव्हतंच. त्यात चढ, त्यात उंची. इंजिनवर आम्ही महिनाभर राबलो होतो आणि त्याची काहीच तक्रार नव्हती.

मागून आलेल्या जोडीकडे जादा टोपण होतं. दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचं, पण मापात बसलं. पाणी भरून निघालो. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये होतो, तरी ब्रेक बरेच लागले. पेडल शेवटपर्यंत कडक होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटून दुसरे पोहोचलो आणि लगेच मामांना फोन लावला. घाटात उकळली म्हणून सांगितलं, टोपणाचं रबर सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"काय सांगतोस," मामा म्हणाले. "अरे, चढावर तापायची म्हणून तर उभी केली होती."