फोनला यमन येत होता

माझ्या गाण्याच्या क्लासात शिकवणी चालू असताना मोबाइलवर रेकॉर्डिंग करायला बंदी आहे. पालकांना हे विचित्र वाटतं, कारण बाकी सगळं मी मोबाइलवरच करते. तानपुरा ॲपवरचा, ठेका ॲपवरचा, दोन मुली तर न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर शिकतात.

लॉकडाऊनमध्ये मी प्रत्येक तासाचं रेकॉर्डिंग मुलांना पाठवत असे. वर्षाअखेरीस यमन रागातली छोट्या ख्यालाची बंदिश म्हणायला सांगितली, तर मुखड्यापुढे, म्हणजे पहिल्या ओळीपुढे, कुणाची गाडी जाईना. "ताई, रेकॉर्डिंग आहे ना माझ्याकडे!" एक जण म्हणाला. होतं खरं. यमन फोनला येत होता.

आता उलटं करते. क्लासात ऐकायचं, म्हणायचं. दुसऱ्या दिवशी वही न उघडता आठवेल तेवढं गाऊन व्हॉट्सॲपवर पाठवायचं. अडलं तर अडलेलंच पाठवायचं. त्यानंतरच मी माझ्या आवाजात बरोबर जागा पाठवते. चार दिवसांनी पुन्हा, पंधरवड्याने पुन्हा. महिन्याभराने मात्र न सांगता मागते, तेव्हा खरी तारांबळ.

सूर चढा की उतरलेला ते दाखवणाऱ्या ट्यूनर ॲपचं वेगळंच. सातवीतला एक मुलगा त्यात बघून गायला लागला. त्याचा गंधार, म्हणजे ग, तानपुऱ्यात छान मिसळत होता, पण ॲप उतरलेला दाखवी, म्हणून तो बिचारा चढवायचा. दोष त्याचा नव्हता. ॲपचा गंधार हार्मोनियमसारखा समान भागांचा, षड्जापासून, म्हणजे सा पासून, ४०० सेंटवर (हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार साधारण ३८६ वर. हा १४ सेंटचा फरक कानाला चांगला कळतो. पंचमात तो जेमतेम २ सेंट, म्हणून ट्यूनर आता फक्त सा आणि प पुरता.

व्हिडिओ कॉलवर पहिले दोन महिने मुलींकडचा तानपुरा मला ऐकूच येत नव्हता. मी त्यांच्यावर चिडायचे. नंतर कळलं, सतत वाजणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर समजून कॉलच तो गाळून टाकतो. ते सेटिंग बंद केलं आणि काळी पाच पट्टीतला तानपुरा एकदम माझ्या खोलीत आला. एकत्र गाता मात्र येत नाही, आवाज मागेपुढे होतो. आळीपाळीनेच गायचं.

परवा सकाळी सहाला त्यांच्यातल्या धाकटीचा महिन्याभरानंतरचा यमन आला. अंतऱ्याची दुसरी ओळ साफ विसरली होती. तिथे तिने 'नि रे ग' घेत स्वतःचा छोटासा आलाप टाकला आणि बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली. ओळ चुकली, हे तिला कळवायचंय. अजून कळवलेलं नाही.